अध्यक्षांच्या गाडीतली आई

३ फेब्रुवारी, सोमवार

सुटले! टपालाच्या शिक्क्यांतून एकदाची सुटले!

माहिती खात्याचा तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली, दारावर पाटी – ‘वृत्तनोंद कक्ष’. आत टेबलं, रेडिओ, टेपरेकॉर्डर, कानांना लावायचे हेडफोन आणि वर्तमानपत्रांचे ढीग. ढीग इतके की खिडकी अर्धीच दिसते.

काम ऐकून आधी हसूच आलं. सात वर्षांपूर्वी स्टेशनसमोरच्या चौकात अध्यक्षांना गोळ्या घातल्या. चौकशी आयोग बसला, अहवाल आला – एकच माथेफिरू, पोस्टाच्या गच्चीवरून, पाठीमागून दोन गोळ्या, विषय संपला. तो माथेफिरूही कोठडीत संपला. पण काही लोकांच्या मते विषय संपलेला नाही. ते लेख लिहितात, सभा घेतात, रेडिओवर बोलतात. सरकार त्यांना उत्तर देत नाही. सरकार नुसतं बघतं – त्यांचं कोण छापतं, त्यांना कोण बोलावतं, कोण टाळ्या वाजवतं. आणि सरकार म्हणजे कोण? आजपासून मी!

मी रेडिओ ऐकायचा, शब्द न् शब्द उतरवायचा, खाली ‘सूर’ लिहायचा – अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ. वर्तमानपत्रं काका कापतात. काका निवृत्तीला टेकलेत, मिश्या पांढऱ्या, आणि कात्री बोटांतून उगवल्यासारखी.

कक्षप्रमुख साहेबांनी आल्या आल्या बजावलं, “जे बोललं गेलं तेच लिहायचं. सगळं लिहायचं. इथे ‘ध’चा ‘मा’ झालेला मला चालणार नाही. आणि घरी बोलायचं नाही.” एवढं सांगून पुन्हा कागदात डोकं. हसत नाहीत. काका म्हणाले, “हसतात गं, वर्षातून एकदा. पण तेव्हा नेमकी सुट्टी असते.”

आईला सांगितलं, ग्रंथालय विभागात बदली झाली. ‘बरं’ म्हणाली. पुढे काही विचारलंच नाही! भाजीवाल्याचीही उलटतपासणी घेणारी बाई ती!

६ फेब्रुवारी, गुरुवार

कान लाल झालेत. पण रेडिओ ऐकायचा पगार मिळतो! शाळेत बाई म्हणायच्या, नुसती गाणी ऐकत बसशील तर पोट कोण भरेल?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज ‘मास्तर’ ऐकले. टीकाकारांतले हे मुख्य. निवृत्त भूगोल शिक्षक. आवाज असा, की मागच्या बाकावरचाही सरळ बसेल.

सकाळच्या कार्यक्रमात निवेदिकेनं विचारलं, “पण आयोग म्हणतो की गोळी आत शिरून वळली.” मास्तर म्हणाले, “बाई, मी आयुष्यभर भूगोल शिकवला. नदी वळते. वारा वळतो. प्रयत्न केला तर विद्यार्थीही वळतात. सरकारच्या सोयीनं गोळी वळलेली मी पाहिली नाही.”

मी फिस्सकन हसले! हेडफोन लावून एकटीच! काकांनी वर पाहिलं. साहेबांनी पाहिलं. मी खाली मान घालून लिहिलं – सूर : प्रतिकूल.

त्यांचं म्हणणं सोपं आहे. चौकातल्या पुष्कळ लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं, एक आवाज समोरून आला, बांधकाम चाललेल्या थिएटरकडून. आयोगानं त्यांची वासलात एका वाक्यात लावली – चौकात प्रतिध्वनी घुमतो, घाबरलेल्या माणसाला दिशा कळत नाही. झालं!

साहेबांनी माझा उतारा वाचला. वाटलं, आता शिव्या. तर म्हणाले, “ते नदीचं वाक्य नीट उतरलंय. वारा आधी होता की नदी?” नदी आधी होती. “ठीक.”

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईचं काहीतरी चाललंय. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी ‘शिवणाचा वर्ग’. बाबा गेल्यापासून ही बाई दारापलीकडे पाऊल टाकत नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर तर खिडकी आणि ती, ती आणि खिडकी. आणि आता पायऱ्या दोन-दोन चढते! काल आरशासमोर नवा निळा स्कार्फ बांधत गुणगुणत होती.

शिवणाचा वर्ग म्हणे. घरात अजून साधी चिंधी आलेली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

देवा! कुठून सुरुवात करू!

सकाळचाच कार्यक्रम. विषय आयोगाचा अहवाल. श्रोत्यांचे फोन घेत होते. कुणी बरळलं, कुणी अध्यक्षांच्या आठवणीनं रडलं, मी उतरवत होते. मग निवेदिका म्हणाली, “पुढचा फोन एका गृहिणीचा.” आणि कानात आवाज आला –

“हॅलो! ऐकू येतंय का? मी आपल्याला एक छोटा प्रश्न विचारणार आहे.”

ऐकू येतंय का! तो आवाज मी पाळण्यातून ऐकत आलेय! एक्स्चेंजचा आवाज! घट्ट, गोड, एकेक अक्षर इस्त्री केलेलं. बाबा म्हणायचे, हिनं ‘लाइन व्यस्त आहे’ म्हटलं तरी माणूस आभार मानून फोन ठेवतो.

माझी आई! सरकारी टेपवर!

“चौकात त्या दिवशी एवढी गर्दी होती,” ती म्हणाली, “आणि आयोगासमोर आलेली माणसं एका बसमध्ये मावतील. बाकीच्यांचे कान काय त्या दिवशी सुट्टीवर होते?”

स्टुडिओत मास्तर होते. ते खो-खो हसले. “बाई, आपण शिक्षिका आहात काय?” “नाही. पण मला नुसतं हो-ला-हो म्हणता येत नाही.”

हे असं ती मला रोज ऐकवते! तेच वाक्य! ओठांवर हसू, हातात पेन – दोघांचं एकमेकांशी पटेना. शेवटी लिहिलं : ‘श्रोता – एक गृहिणी. सूर – प्रतिकूल.’ खोटं काही नाही लिहिलं. घरात आहे ती. गृहिणीच.

संध्याकाळी जेवताना विचारलं, “वर्गात काय शिवताय सध्या?”

“काजं,” म्हणाली. नजरेला नजर न देता. “तुझ्या ग्रंथालयात काय?”

“धूळ,” मी म्हटलं.

दोघी सूप प्यायलो. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं!

२० फेब्रुवारी, गुरुवार

हसू थांबेना. लिफ्टमध्येही!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज हसू नाही.

मास्तरांची पुस्तिका छापणाऱ्याच्या छापखान्याला सील ठोकलं. परवाच्या कार्यक्रमात त्यांनी गल्लीचं नाव घेतलं होतं – ‘पुस्तिका अमुक ठिकाणी मिळेल’. मी ते उतरवलं होतं. शब्द न् शब्द. चौथ्या मजल्यावर, जिथे आमच्या सगळ्या नोंदी जातात, कुणीतरी तेवढीच ओळ वाचली.

साहेबांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, “साहेब, ते माझ्या नोंदीतून गेलं.”

त्यांनी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाले, “हवेत बोललेली गोष्ट होती, बाई. अख्ख्या शहरानं ऐकली. तुम्ही लिहिलं नसतं तरी तो छापखाना वाचला नसता. पण मास्तर काय म्हणाले हे या इमारतीत कुणालाच कळलं नसतं. निदान कागद तरी पूर्ण असू दे.”

हे समजावणं होतं की आणखी काही, कळलं नाही. काकांनी चहा आणून दिला. स्वतःच्या कपातला अर्धा. त्यांच्या लेखी हा फार मोठा त्याग.

४ मार्च, मंगळवार

बातमी – टीकाकार रविवारी चौकात प्रयोग करणार. अध्यक्षांची गाडी, तोच मार्ग, सगळं तसंच. परवानगी मिळाली कशी? काकांनी वाचून दाखवलं – अर्जात लिहिलंय, ‘माजी विद्यार्थ्यांसाठी भूगोलाचं प्रात्यक्षिक’. शिक्का मारणारा कारकून मास्तरांचाच विद्यार्थी निघाला. काका म्हणाले, “या माणसानं गाव शिकवून ठेवलाय. याला पकडायला जाणारा पोलीसही आधी ‘उपस्थित’ म्हणेल.”

आई घरात हात हलवून पाहतेय. खांद्यापासून, सावकाश. “मान अवघडलीय,” म्हणाली.

मान अवघडल्यावर हात हलवतात?

९ मार्च, रविवार

गेले होते. कामावर नव्हे, सुट्टी होती. वर्तमानपत्रांत उद्या येईलच, मग मी आज पाहिलं तर कुणाचं काय गेलं! डोक्याला रुमाल गुंडाळून फुलवालीच्या दुकानाशेजारी उभी राहिले.

चौक भरलेला. माजी विद्यार्थी – टक्कल पडलेले, पोटं सुटलेले – हातात हिरवे रुमाल घेऊन नेमल्या जागी उभे. एक पोस्टाच्या गच्चीवर, एक थिएटरच्या सज्ज्यात. दोघांकडे लाकडी फळ्या. फळीवर फळी आपटली की काड्‌कन आवाज! मास्तर मध्ये, गळ्यात शिट्टी. बुटके आहेत! आवाजावरून मला धिप्पाड वाटले होते.

आणि मग स्टेशनच्या रस्त्यानं गाडी आली. मोटार शिकवणाऱ्या शाळेची जुनी, बिनटपाची. पुढे शाळेचा मालक, घामाघूम. मागे एकटी, ताठ, निळा स्कार्फ वाऱ्यावर – माझी आई!

अध्यक्षांच्या जागी!

हात हलवत होती. खांद्यापासून, सावकाश.

नंतर कळलं, आई ज्याला हात हलवायला शिकवत होती त्या, अध्यक्ष व्हायचं ठरलेल्या माणसाची ऐन वेळी कंबर धरली. मास्तर म्हणाले, कोण बसेल? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आई दार उघडून बसलीसुद्धा!

वळणावर वाहतुकीचा म्हातारा हवालदार होता. त्यानं उघडी गाडी पाहिली, हलणारा हात पाहिला, आणि सवयीनं टाच जुळवून कडक सलाम ठोकला! चौक फुटला हसून. आईनं मान तुकवून सलाम घेतला. जन्मभर घेत आल्यासारखा!

मग शिट्टी. शांतता. मास्तर भोंग्यातून म्हणाले, “डोळे मिटा. आवाज आला की जिकडून आला तिकडे बोट करा. उघडायचे नाहीत हं, मागच्या बाकावरचे!”

काड्‌!

मीही डोळे मिटले होते. माझाही हात वर गेला! सरकारी नोकरीतला हात!

“उघडा.”

हजारो बोटं. आजीबाईंची, पोरासोरांची, फुलवालीची – सगळी थिएटरकडे. पुन्हा डोळे मिटून, पुन्हा काड् – सगळी पोस्टाकडे. पुन्हा. पुन्हा. प्रतिध्वनी घुमतो म्हणे! दिशा कळत नाही म्हणे! अख्खा चौक सांगत होता, कळते, कळते, कळते!

फुलवाली मला म्हणाली, “अहो ताई, रडताय कशाला? मजा आली की!” मी म्हटलं, मजा आली म्हणूनच.

आई गाडीतून उतरली तेव्हा मास्तरांनी हात पुढे केला. तिनं तो धरला. आणि उतरून झाल्यावरही धरूनच ठेवला.

हं!

१० मार्च, सोमवार

सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आई! एकात तर हवालदाराच्या सलामासकट. मथळा – ‘चौकाला ऐकू येतं!’

काकांनी फोटो पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा फोटो. माझ्या टेबलावर आईच्या हातचा डबा असतो, कधीतरी ती खाली देऊन जाते, काकांनी तिला पाहिलेलं आहे. त्यांनी कात्री घेतली आणि असं काही कात्रण कापलं की गाडी आहे, हात आहे, स्कार्फ आहे, डोकं नाही!

“अरेरे,” म्हणाले, “कात्री घसरली.”

आयुष्यात घसरली नसेल ती कात्री. मला मिठीच मारावीशी वाटली.

पण चौथा मजला वर्तमानपत्रं विकत घेतोच ना! दुपारी वरून चिठ्ठी – ‘छायाचित्रातील महिलेची ओळख पटवून शुक्रवारपर्यंत कळवावे.’ साहेबांनी मोठ्यानं वाचली. मी ऐकलं. काकांनी ऐकलं. 

११ मार्च, मंगळवार

दिवसभर एकच विचार. नाव दिलं तर छापखान्यासारखं होईल – तिचं निवृत्तिवेतन थांबेल, दारात गणवेशवाले येतील. नाही दिलं आणि कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि कळायला किती वेळ! खालच्या मजल्यावरची शेजारीण सकाळीच जिन्यात ओरडली, “अहो अध्यक्षीणबाई, दूध आलं!”

इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये आई स्कार्फ बांधून हात हलवतेय!

१२ मार्च, बुधवार

बोललो! सगळं! दुपारी अर्धी रजा टाकून घरी आले. आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

मी म्हटलं, “आई, मी ग्रंथालयात नाहीये.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“ग्रंथालयातल्या माणसाचे कान लाल होत नाहीत गं. मी एक्स्चेंजमध्ये उमर घालवली. दिवसभर हेडफोन लावणाऱ्या बाईचे कान मी ओळखणार नाही तर कोण?”

झालं! माझं एवढं राखलेलं गुपित कानांनी फोडलं होतं. “आणि माझा शिवणाचा वर्ग म्हणजे मास्तरांच्या सभा,” ती म्हणाली, “आधी आधी मागच्या बाकावर मुकी बसायचे.”

मग मी सगळं सांगितलं. नोंद, सूर, फोन, फोटो, चिठ्ठी. ती सुरी खाली ठेवून ऐकत होती. फोनचं आलं तशी एकदम पुढे सरकली. “तू होतीस? तू ऐकलंस मला? अगं मग सांग ना, कसा होता आवाज? थरथरला नाही ना?”

“आई! नोकरी जाईल माझी! तुझं निवृत्तिवेतन –”

“ते बघू. आवाज सांग.”

“इस्त्री केलेला होता,” मी म्हटलं.

ती अशी हसली! बाबा गेल्यानंतर असं हसलेली पाहिली नव्हती. मग गंभीर झाली. म्हणाली, “हे बघ, तू माझं नाव देणार नाहीस. मुलीनं आईचं नाव वर कळवायचं, हे मला नाही चालणार. आणि लपवणारही नाहीस. तुझ्या साहेबाला खोटं आवडत नाही म्हणतेस ना? मलाही नाही आवडत. मी काय चोरी केलीय? गाडीत बसले. हात हलवला.”

“मग करायचं काय?”

“ते माझ्यावर सोड. कागद आण आधी.”

आणि बटाट्याच्या साली बाजूला सारून तिथेच लिहायला बसली. मी डोकावले तर हात आडवा धरला. परीक्षेतल्या हुशार मुलीसारखा!

मग, लिहिता लिहिता, वर न बघता – “आणि अजून एक. मास्तर रविवारी चहाला येतील.”

“प्रयोगाबद्दल बोलायला?”

“नाही,” म्हणाली. कान लाल. या वेळी तिचे.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळच्या वर्तमानपत्रात, संपादकांना आलेल्या पत्रांत, सगळ्यात वर –

‘रविवारी अध्यक्षांच्या गाडीत बसलेली बाई मी. कुणी माझी ओळख शोधत असल्यास त्रास वाचावा म्हणून कळवत आहे.’ पुढे पूर्ण नाव. पूर्ण पत्ता. दुसरा मजला, डावीकडचं दार. ‘घंटा नादुरुस्त आहे. कडी वाजवावी. संध्याकाळी पाचनंतर यावे, आधी मी झोपते.’

काका हसून हसून टेबलाखाली जायचे राहिले. मग मिश्या पुसून त्यांनी ते पत्र कापलं – अगदी काटेकोर, चारही बाजू सरळ. कात्री घसरली नाही.

मी ते घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. “साहेब, ओळख पटली. आणि... ही माझी आई आहे.”

साहेबांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. ‘घंटा नादुरुस्त’पाशी त्यांचे ओठ हलले. मला वाटतं ते हसले! आणि आज सुट्टी नव्हती!

“बसा,” म्हणाले. बसले. वाटलं, आता बडतर्फी. तर विचारायला लागले, “गाडी वळली तेव्हा थिएटर बाईंच्या कुठल्या हाताला होतं? समोर? नक्की? आणि गाडीत बसूनही दिशा कळत होती? इंजिन चालू असताना?” मी म्हटलं, आईला विचारून सांगते. “विचारा,” म्हणाले. “मला हवंय ते.”

मग साहेब चौथ्या मजल्यावर गेले. बऱ्याच वेळानं परतले. म्हणाले, “वरचे चिडलेत. नातेवाईक प्रकरणात असेल तर कर्मचारी कक्षात चालत नाही. एक तारखेपासून तुमची टपालात परत बदली. नोकरीला हात लागणार नाही. तेवढं लिहून घेतलंय.”

“आणि आई?”

“पत्ता सगळ्या गावाला माहीत असलेल्या बाईला हात लावायचा, तर गावासमोर लावावा लागतो. आज तरी तेवढं धाडस मला वर दिसलं नाही.” मग चष्मा पुसत, “हुशार आहेत तुमच्या आई.”

परत शिक्के! पण असं वाटतंय, उडत घरी आले!

१६ मार्च, रविवार

मास्तर चहाला आले. कडी वाजवली. हातात फुलं, आणि फुलं द्यायचं सोडून घराची दिशा बघत बसले – “स्वयंपाकघर पूर्वेला. उत्तम. सकाळचं ऊन येत असेल.” आई म्हणाली, “येतं. पण खिडकी बघायला आलात का?” मास्तरांची दातखीळ! रेडिओवर सरकारला गप्प करणारा माणूस, आमच्या कपबशीपुढे गप्प!

शेवटी मलाच म्हणाले, “तुझी हरकत नसेल तर... म्हणजे, नोंद कशी करशील तू?”

मी म्हटलं, “अनुकूल.”

आई स्वयंपाकघरात पळाली. भांडी वाजवत राहिली. रिकामीच!

छापखानेवाल्याचंही कळलं. सील तसंच आहे, पण त्याच्या मेव्हण्याचा लग्नपत्रिका छापायचा कारखाना आहे, पुस्तिका आता तिथे छापतात. कडेला सोनेरी वेलबुट्टीसकट! मास्तर म्हणाले, “पहिल्यांदाच सुंदर दिसतेय.”

१८ मार्च, मंगळवार

साहेबांना आईचं उत्तर दिलं – थिएटर बरोबर समोर होतं, इंजिन चालू असूनही आवाज छातीवर आदळल्यासारखा आला, पाठीवर नाही. साहेबांनी लिहून घेतलं नाही. नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, “हो. छातीवरच.”

उद्यापासून ते रजेवर. काका थक्क. म्हणाले, “या माणसाला रजा हा शब्द लिहिता येतो?”

२५ मार्च, मंगळवार

लग्न झालं! नोंदणी कार्यालयात, क्रमांक नसलेल्या एका खोलीत, कारण नेहमीच्या खोलीला रंग देत होते. साक्षीदार – मी आणि काका. काकांनी नवा कोट घातला होता, खिशात कात्री होतीच. “सवय,” म्हणाले.

अधिकाऱ्यानं कागद वाचून वर पाहिलं. “गाडीतल्या बाई? आपणच?” आईनं मान तुकवली. मास्तर सही करताना चुकले. सालाच्या जागी वार लिहिला! आई म्हणाली, “वर्गात माझ्यासमोर उभं राहायचंय आता तुम्हाला.”

बाहेर माजी विद्यार्थी हिरवे रुमाल हलवत उभे. मोटारशाळेच्या मालकानं तीच गाडी आणली होती. आई बसली. मास्तर शेजारी. वळणावर तोच हवालदार! या वेळी त्यानं ओळखलं होतं, आणि मुद्दाम, हसत, टाच जुळवून – सलाम!

मी फुटपाथवर उभी राहून बाबांना मनात म्हटलं, रागावू नका हं. मग वाटलं, ते कशाला रागावतील? लाइन व्यस्त आहे म्हटलं तरी आभार मानणारा माणूस तो.

२६ मार्च, बुधवार

लग्नाची बातमी सगळ्यांनी छापली. काकांनी कापली, मी नोंदवली. साहेब नाहीत, म्हणून वर गेली ती माझ्याच सहीनं. चौथ्या मजल्यावरून फोन – “लग्नाच्या बातमीचा सूर का लिहिलेला नाही?” मी म्हटलं, “नीट वाचा साहेब, मी ‘आनंदी’ लिहिलंय.” “तसा रकाना नाही.” “म्हणूनच समासात लिहिलाय.”

फोन बंद!

३१ मार्च, सोमवार

कक्षातला शेवटचा दिवस. हे इथेच टेबलावर लिहितेय.

सकाळचा कार्यक्रम. निवेदिका म्हणाली, आजचे पाहुणे सरकारी अधिकारी आहेत, त्यांनी शुक्रवारी राजीनामा दिला. मग एक घसा खाकरला. मी तो घसा ओळखते! साहेब!

“त्या दिवशी मी अध्यक्षांच्या मागच्याच गाडीत होतो,” साहेब म्हणाले. “पत्रकारांना चौकात उतरवायचं काम माझ्याकडे होतं. तिसरी गोळी समोरून आली, थिएटरमधून. मी आयोगापुढे शपथेवर तसं सांगितलं. छापील अहवालात माझी साक्ष नाही. त्या गाडीतल्या इतरांचीही नाही. आज त्यांच्यातले दोघं माझ्याबरोबर इथे बसले आहेत.”

काकांच्या हातातून कात्री पडली.

मी हेडफोन उपसून फेकले आणि रेडिओचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. साहेब आता अख्ख्या मजल्यावर बोलतायत. जिन्यात पावलं वाजतायत – वरून उतरणारी, खालून चढणारी, दोन्ही. दार मी सताड उघडून ठेवलंय.